मेव्हण्याची पिकअप

शरदरावांचा मुलाशी होणारा शनिवारचा फोन पूर्वी फार लवकर आटपायचा. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "हो." "तब्येत?" "फाइन, बाबा." मग दोन्हीकडे शांतता. त्या शांततेत बहारीनच्या फ्लॅटमधला एसी आणि अमेरिकेतल्या फ्लॅटमधला हीटर एकमेकांशी घरघर बोलत राहायचे. शेवटी शरदराव म्हणायचे, "बरं, ठेवू?" आणि निहार इतक्या चटकन "ओके, बाय" म्हणायचा, की फोन ठेवल्यावर शरदराव बराच वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचे.

घरात दुसरं होतं कोण बघायला? सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मेधाताई पुण्याला आईपाशी गेल्या, त्या वर्ष उलटून गेलं तरी तिकडेच. हमद टाउनमध्ये, अलीमियाँच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वर, दुसऱ्या मजल्यावर शरच्चंद्र नावाचा हा इंजिनिअर एकटा राहत होता. नोकरी मोठमोठ्या इमारतींचे एसी प्लँट तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारती गार ठेवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गार वरणभात खायचा.

मग एका शनिवारी व्हिडिओवर निहारच्या डोक्यावर टोपी दिसली. निळी टोपी, तिच्यावर एका पायावर उभा असलेला बगळा.

"हे काय रे?"

"हेरॉन्स, बाबा. इथली बेसबॉल टीम."

"अरे वा! कशी आहे टीम?"

निहारने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "डिफेन्स चांगला आहे." मग शरदरावांनी विचारलं, डिफेन्स म्हणजे काय. त्याने सांगितलं. त्यातून दुसरा प्रश्न निघाला, दुसऱ्यातून तिसरा. फोन ठेवला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या कधीच होऊन वरण तळाला लागलं होतं. करपलेलं वरण शरदरावांनी त्या दिवशी चाटूनपुसून खाल्लं.

मुलाला बेसबॉलचा नाद आहे म्हटल्यावर बापाने मागे राहून कसं चालेल? शरदरावांना स्वतःला खेळ म्हटला की झोप यायची. आयुष्यात त्यांनी क्रिकेटसुद्धा कधी शेवटपर्यंत बघितलं नव्हतं. पण आता शनिवारची वामकुक्षी सोडून ते लॅपटॉप उघडून बसू लागले. नियम काही डोक्यात शिरेनात. मग त्यांना एक माणूस सापडला. हेरॉन्सचा हा कुणी जुना चाहता इंटरनेटवर 'ओल्ड हेरॉन' या नावाने दर आठवड्याला लिहायचा. शरदरावांनी त्याचं नाव ठेवलं म्हातारा बगळा. म्हातारा सगळ्या जगावर चिडलेला असायचा आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचं तयार मत असायचं. शरदराव ती मतं उचलायचे, त्यांचं मराठी करायचे आणि रात्री आठ वाजता निहारला स्वतःची म्हणून ऐकवायचे. निहारही तोडीस तोड बोलायचा. फोन तासावर गेला होता आणि शरदरावांना शनिवारची वाट बघायची सवय लागली होती.

आणि जुलैत बातमी आली, की निहार पुण्याला आजीला बघायला निघालाय आणि वाटेत चार दिवस बहारीनला उतरणार आहे.

शरदरावांना आनंद झाला आणि पाठोपाठ घाम फुटला. चार दिवस! फोन कसा, विषय संपला की ठेवता येतो. समोर सोफ्यावर बसलेला मुलगा कसा ठेवणार? नशिबाने तो ड्राफ्टचा महिना होता. दर जुलैत अमेरिकेतले संघ शाळा-कॉलेजांतली हौशी पोरं आळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हेरॉन्सनी पहिली तीन पोरं निवडली होती आणि म्हाताऱ्या बगळ्याने तिघांची खरपूस हजेरी घेतली होती. रोज एक पोरगं पुरवून वापरलं तर तीन दिवस निघतात. चौथ्या दिवशी विमानच आहे. शरदरावांनी लेख पाठ करायला घेतला.

रंगीत तालीम अलीमियाँपुढे झाली. अलीमियाँ दापोलीकडचे. दूध, अंडी, खुबूसच्या रोट्या आणि फोनची कार्डं विकता विकता त्यांनी हमद टाउनमध्ये तीस उन्हाळे काढले होते. त्यांचीही बायको गावाला, त्यामुळे कुणी कशावरही बोललं तरी ते मन लावून ऐकायचे.

"अलीमियाँ, हेरॉन्सनी पहिला घेतलाय तो पिचर. म्हणजे आपला बॉलर."

"हां."

"अठरा वर्षांचा. हात म्हणजे तोफ आहे नुसती. पण खांदा..." शरदरावांनी डोळे मिटून म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं. "खांदा म्हणजे माझ्या मेव्हण्याची पिकअप. सपाटीवर लोणी, पहिला चढ आला की रस्त्याच्या कडेला!"

अलीमियाँनी हातातला अंड्यांचा ट्रे खाली ठेवला. "मेव्हन्यानं पिकअप कदी घेतली? तो पुन्याला बँकेत नाय काय?"

खरं म्हणजे इथेच सांगून टाकायचं, की मत दुसऱ्याचं आहे आणि मेव्हणाही दुसऱ्याचाच आहे. पण उसनं ज्ञान पाजळताना पकडले गेलेल्या माणसाची जीभ कधी सरळ चालत नाही.

"घेतली. सेकंडहँड."

"बँक सोडली?"

"नाही हो. हौस म्हणून."

"हौसेला पिकअप?" अलीमियाँ म्हणाले. "अल्ला, काय एकेक मानूस!"

बुधवारी निहार आला. विमानतळाबाहेरच्या भट्टीत बापलेकांनी एकमेकांना अर्धवट मिठी मारली. निहारच्या डोक्यावर बगळा होताच. गाडीत बसता बसता तो म्हणाला, "सो, बाबा, ड्राफ्टबद्दल काय वाटतं?" शरदरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ठरल्याप्रमाणे तिसऱ्या पोरापासून सुरुवात केली. चांगला माल शेवटी काढायचा, म्हणून पिचर राखून ठेवला.

आता घरात कधी नव्हे तो पाहुणा आला आहे ही गोष्ट त्यांनी स्वतःपाशी ठेवली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण गुरुवारी शेजारच्या जनाबियाहून मराठी मंडळाच्या कश्मिराचा फोन आला. जुलैमध्ये अर्धं मंडळ भारतात असतं आणि उरलेल्या अर्ध्याचं मनोरंजन ही कश्मिराची जबाबदारी.

"काका, उद्याच्या कार्यक्रमाला या हं. पण कार्यक्रम काय तेच कळत नाहीये. योगाचे सर बोलणार होते, त्यांचीच कंबर धरलीय."

"मला नाही जमणार गं. निहार आलाय."

"निहार? अमेरिकेचा? काय करतो हो तो?"

"करतो कंप्युटरचंच. पण बेसबॉलचा जबरदस्त अभ्यास आहे त्याचा." बोलता बोलता शरदरावांची छाती फुगली. "ऐकत राहावं असं बोलतो."

"मग ऐकूया ना!" कश्मिरा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर निहारचा फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, 'बेसबॉल: अमेरिकेहून आलेल्या तज्ज्ञांशी गप्पा. नंतर समोसे.'

निहारने तो मेसेज वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, आय कान्ट. मी एक्स्पर्ट नाहीये."

"विनय पुरे. शनिवारी माझ्याशी बोलतोस तसंच बोल."

शुक्रवारी दुपारभर तो खोलीचं दार लावून लॅपटॉपपुढे बसला होता. शरदरावांना वाटलं, ऑफिसचं काम असेल.

जनाबियाच्या कंपाउंडमधल्या हॉलमध्ये वीसेक माणसं जमली. बहुतेक जण बायका-मुलं गावी गेलेले नवरे होते आणि त्यांना समोसे असतील तर कुठलंही व्याख्यान चाललं असतं. समोसे अलीमियाँनी पुरवले होते आणि ते स्वतः मागच्या खुर्चीवर ऐटीत बसले होते. निहार उभा राहिला, घसा साफ केला आणि इंग्रजीत, मधूनमधून मराठीची फोडणी देत, बरं बोलू लागला. लोक माना डोलवत होते. शरदराव पहिल्या रांगेत बसून लोकांच्या माना मोजत होते.

प्रश्नोत्तरांत कश्मिराने विचारलं, "मग तुमच्या टीमने पहिला जो मुलगा निवडलाय, तो कसा आहे?"

"ब्युटिफुल आर्म," निहार म्हणाला. "पण शोल्डरचा भरवसा नाही. इट्स लाइक माय ब्रदर-इन-लॉज पिकअप. फ्लॅट रोडवर बटर. फर्स्ट हिल, अँड इट्स बाय द रोडसाइड."

शरदरावांच्या हातातला चहा तिथेच थांबला. तेच वाक्य. तोच चढ, तेच लोणी. त्यांना एकदम सगळा उलगडा झाला. दुपारचं बंद दार, दर शनिवारची ती तयार उत्तरं. हाही म्हाताऱ्या बगळ्याच्याच ताटातलं उचलत होता! म्हणजे याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मग हा आठवड्याच्या आठवड्याला अभ्यास करून फोनवर बसतो तो कुणासाठी? शरदरावांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पोरगं आपल्याशी बोलायला इतकं झटतंय आणि आपण त्याला तज्ज्ञ म्हणून लोकांपुढे उभं केलं.

पण हॉलमध्ये खांद्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"निहार, तुला बहीण नाही ना रे?" कश्मिराने सावकाश विचारलं.

"नो."

"मग ब्रदर-इन-लॉ कुठून आला?"

"बायकोचा भाऊ असणार!" मागून एक गृहस्थ ओरडले. "दुसरं काय? गुपचूप केलंन!"

"पिकअप आहे म्हणजे मुलीकडची शेती दिसतेय."

"काका, आम्हाला नाही, निदान मेधाकाकूंना तरी सांगायचं!" कश्मिरा म्हणाली. तिच्या नवऱ्याने, गौरवने, तोवर फोन काढला होता. त्याचा अंगठा काय टाइप करतोय हे सांगायला नको.

निहार पांढराफटक पडला. तोंड उघडून मिटत होता. आता हा काय सांगणार? वेबसाइटवरचं वाक्य आहे म्हणून सांगेल, लोक हसतील, आणि विषय तिथे संपेल. लोकांचं काही नाही, पण शनिवार संपेल. याला नाद नाही हे आपल्याला कळलं, हे त्याला कळेल आणि पुन्हा 'जेवलास का, थंडी आहे का'वर गाडी येईल. शरदराव ताडकन उभे राहिले. चहा पँटवर सांडला.

"मेव्हणा माझा आहे!"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"वाक्यही माझंच. मीच फोनवर म्हणालो होतो याला. मेधाचा भाऊ, आपला संतोष. त्याची पिकअप. पुण्यात आहे. चढावर बंद पडते. याने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, एवढंच."

लोकांना पटेना. लग्नाची बातमी इतक्या सहजी कोण सोडतो? तेवढ्यात मागून अलीमियाँ उठले. "खरां हाय! मलाय सांगितलंनी यांनी, गेल्या हप्त्यात. पिकअप हाय, सेकंडहँड हाय, हौसेची हाय. मी साक्षीला हाय!"

अलीमियाँच्या साक्षीवर लग्न मोडलं. मंडळी हिरमुसून समोशांकडे वळली. निहार मात्र बापाकडे बघत उभा होता. शरदराव रुमालाने पँट पुसत राहिले.

पँट वाळायच्या आत मेधाताईंचा फोन आला. गौरवचा अभिनंदनाचा मेसेज पोचला होता.

"अहो, सून कोण आहे? मी आई आहे ना त्याची?"

"कुणी सून नाही. गैरसमज झाला. तो संतोषच्या गाडीबद्दल बोलत होता."

"संतोषच्या गाडीबद्दल काय?"

शरदरावांना उशिरा लक्षात आलं, की एका खड्ड्यातून वर येताना त्यांनी दुसरा खणला होता. संतोषने दोन महिन्यांपूर्वी लाल रंगाची जुनी गाडी घेतली होती. व्हिडिओवर तिला चहूबाजूंनी दाखवून "कशी आहे, भाऊजी?" असं मोठ्या आशेने विचारलं होतं. त्यावर इंजिनिअर भाऊजी म्हणाले होते, "ठीक आहे." त्या 'ठीक'ची जखम अजून भरली नव्हती. तेवढ्यात पलीकडे मेधाताईंच्या फोनवर कश्मिराचा मेसेज वाजला.

"चढावर बंद पडते म्हणालात? भर सभेत? माझ्या भावाची गाडी?" मेधाताईंचा आवाज चढला. "आणि वर तिला पिकअप म्हणालात? कश्मिराने शब्दन् शब्द सांगितलाय मला!"

तासाभरात संतोषचा एकच मेसेज आला. 'भाऊजी, निहारला पाठवा. चढ दाखवतो.'

शनिवारी संध्याकाळी शरदराव निहारला विमानतळावर सोडायला निघाले. हमद टाउनचे राउंडअबाउट एकामागून एक मागे पडले. राखून ठेवलेला पिचर आता निरुपयोगी झाला होता. बऱ्याच वेळाने निहार म्हणाला, "बाबा, संतोषमामाकडे पिकअप नाहीये."

"नाही."

"तुम्ही मला ते फोनवर कधी सांगितलंच नव्हतं."

"नाही सांगितलं."

सिग्नल लागला. शरदराव समोरच्या ट्रककडे बघत म्हणाले, "किती दिवस वाचतोयस त्याला?"

"म्हणजे तुम्हीपण...?" निहार एकदम वळला. "ओ गॉड. सुरुवातीपासून, बाबा. तुम्ही इतके प्रश्न विचारले ना पहिल्या दिवशी. मला वाटलं, तुम्हाला आवडतं."

"मला? मला वाटलं तुला आवडतं! टोपी कोण घालून बसलं होतं?"

"ती डेंटिस्टकडे फ्री मिळाली."

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला. दोघंही हसले, पण ते हसणं फार लांब गेलं नाही. शरदरावांच्या मनात आलं, डेंटिस्टच्या फुकट टोपीवर आपण वर्षभर संसार केला. आता पुढच्या शनिवारी काय बोलायचं? हाच प्रश्न निहारच्या चेहऱ्यावरही होता, आणि दोघांपैकी कुणीच तो विचारला नाही. विमानतळावर शरदराव म्हणाले, "सांभाळून जा." निहार म्हणाला, "यू टू, बाबा." जाताना तो काचेच्या दारातून दोनदा वळला.

निहार पुण्यात असेपर्यंत शरदरावांना कुणाचा फोन आला नाही. संतोष रागावलेला, मेधाताई त्याच्या बाजूने. पुढचा शनिवार आला तेव्हा निहार अमेरिकेला परतला होता. दुपारी शरदरावांनी सवयीने लॅपटॉप उघडला, म्हाताऱ्याचा नवा लेख दिसला आणि त्यांनी झाकण मिटलं. वामकुक्षी करायला आडवे झाले तर झोप येईना. रात्रीचे आठ वाजले. फोन हातात घेऊन ते बसून राहिले. लावला की 'जेवलास का'पासून सुरुवात, आणि तिथेच शेवट. सोफ्यावर निहार बसायचा त्या जागेवर त्याने विसरलेली बगळ्याची टोपी पडली होती. फार एकटं वाटलं त्यांना. मेधाताई गेल्या तेव्हासुद्धा एवढं वाटलं नव्हतं.

आठ वाजून गेले आणि फोन वाजला. निहारचा. इतक्या वर्षांत त्याने आपणहून लावलेला पहिलाच.

"बाबा! मामाची गाडी!" हसण्यामुळे त्याला धड बोलता येत नव्हतं. "मामा टुक अस टु बोपदेव घाट. मी, आई आणि मामा. पूर्ण घाट मामा बोलत होता... इंग्लिशमध्ये नाही सांगता येत, थांबा. मामा म्हणत होता, 'मोज, चढ मोज! सांग तुझ्या बापाला!'"

"मग? चढली?"

"चढली! मस्त चढली! वर जाऊन आम्ही भजी खाल्ली. परत आलो, मामाने चावी फिरवली, काहीच नाही. प्लेन रोडवर, बाबा! एकदम सपाट! मी आणि आई ढकलतोय, आणि मामा आतून ओरडतोय, 'लिहून ठेव! चढावर बंद पडली नाही! सपाटीवर पडली!'"

शरदराव इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम सावरून त्यांनी विचारलं, "चावी फिरवल्यावर आवाज कसला आला?"

"आवाज?"

"टकटक की घरघर? नीट आठव."

निहारने आठवून टकटक असा आवाज काढून दाखवला. शरदराव म्हणाले, तसा नाही, परत काढ. त्याने परत काढला. "दिवे मंद झाले होते?" "नाही, लाइट्स ठीक होते." "मग बॅटरी नाही. स्टार्टर गेलाय. पैजेवर सांगतो. मॅकेनिकने काय सांगितलं?"

"स्टार्टर!" निहार ओरडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अरे, जन्म गेला माझा बंद पडलेल्या मशिनींचे आवाज ऐकण्यात!" म्हणता म्हणता शरदरावांनी आपल्या जन्माविषयी पहिल्यांदाच मुलाला काहीतरी सांगायला घेतलं. झल्लाकच्या हॉटेलातला एसीचा चिलर ऐन ऑगस्टात कसा बसला होता आणि भर लग्नात नवरदेवाला कशी भोवळ आली होती, ते सगळं. निहार मधेमधे "मग?" "मग?" म्हणत होता. मराठीत.

फोन ठेवल्यावर शरदराव बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. मग त्यांना आठवलं, की आज विचारायचंच राहिलं. त्यांनी लगेच परत फोन लावला.

"काय झालं, बाबा?" निहारने घाबरून विचारलं.

"काही नाही रे. जेवलास का?"

"नाही अजून. बोलत बसलो ना. तुम्ही?"

शरदरावांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. कुकर अजून लावलेलाच नव्हता.

"मीपण नाही," ते म्हणाले. "थांब, ठेवू नकोस. तुझ्याशी बोलता बोलता कुकर लावतो."